सार्वजनिक रुग्णालयांची विश्वासार्हता (डहाणू व तलासरी)

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुके आहेत. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील सार्वजनिक आरोग्यसेवा उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय आणि डहाणू व कासा येथील उपजिल्हा रुग्णालये अशा चढत्या क्रमाने रचलेली आहे. रुग्णालयाची विश्वासार्हता म्हणजे गरजेच्या वेळी योग्य उपचार मिळण्याची शाश्वती होय. धाकटी डहाणूसारख्या किनाऱ्यावरील मच्छीमार गावातील रुग्णास असो वा डोंगरपाड्यावरील, ही शाश्वती इमारतीवरून किंवा खाटांच्या संख्येवरून मिळत नाही.

निकष

भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१२ व २०२२ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. त्यांनुसार आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र व २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे; सपाट प्रदेशात हेच प्रमाण ५,००० व ३०,००० असे आहे. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांनुसार प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे किमान ७० टक्के गुण लागतात. मात्र तपासणी ठरलेल्या दिवशी होते आणि प्रसूती बहुधा रात्री अडते.

आकड्यांचा अर्थ

सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व रक्त ही तिन्ही एकाच वेळी हजर असावी लागतात. एक नसल्यास उरलेली दोन निरुपयोगी ठरतात आणि रुग्णास पुढे पाठविले जाते. पालघर जिल्ह्याच्या या सीमाभागातून असे रुग्ण सिल्वासा, वलसाड किंवा नाशिककडे जातात. गंभीर रुग्ण पुढे पाठविणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदवहीत मृत्यू कमी दिसतात. वाटेत किंवा परराज्यात झालेला मृत्यू तेथे उमटत नाही. म्हणून केवळ मृत्युदर पाहणे फसवे आहे. किती रुग्ण पुढे पाठविले, कोणत्या कारणासाठी आणि त्यांचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न अधिक बोलके आहेत. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीही दुहेरी अर्थाची असते: ती विश्वासामुळे असेल, किंवा दुसरा पर्याय नसल्यामुळे.

लोकाधारित देखरेख

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. डहाणू ज्यात तेव्हा समाविष्ट होता, तो ठाणे जिल्हा त्यांपैकी एक होता. ग्रामस्थ सेवांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार करीत. औषधे बाहेरून आणावयास लावणे, कर्मचारी गैरहजर असणे यांसारख्या तक्रारी जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर मांडल्या जात व त्यांना तेथेच उत्तर द्यावे लागे.