गाठ सांगते ती गोष्ट

चित्रात दोरीची गाठ दिसली, की आपण तिला नक्षी समजून पुढे जातो. पेरूचे कवी-चित्रकार होर्हे एदुआर्दो एइल्सोन (१९२४–२००६) यांची ‘किपू’ ही चित्रमालिका हा समज खोडून काढते. १९६३पासून ते कापड पिळून, ताणून, त्याला घट्ट गाठी मारून कॅनव्हासवर बसवू लागले आणि गडद, शुद्ध रंगांनी ती गाठ उठावदार करू लागले. या चित्रांत माणूस नाही, प्रसंग नाही. तरीही ती गोष्ट सांगतात, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी मूळ किपू समजून घ्यायला हवा. पेरूच्या जुन्या इंका साम्राज्यात कागद-लेखणी नव्हती. एका मुख्य दोरीला कापसाच्या किंवा लोकरीच्या अनेक रंगीत दोऱ्या लोंबत आणि त्यांवरच्या गाठींत नोंदी राहत. गाठीचा प्रकार आणि तिची जागा यांवरून एकक, दशक, शतक ठरत. शून्याची जागा रिकामी असे. ही दशमान पद्धत अभ्यासक लेलंड लॉक यांनी १९१२मध्ये उलगडली. मग हा नुसता हिशेबच नाही का, असा आक्षेप रास्त आहे. इंका आईचा मुलगा असलेल्या गार्सिलासो दे ला वेगा यांनीही १६०९मध्ये लिहिलं, की गाठी आकडे सांगतात, शब्द नव्हे. पण त्यांनीच पुढे नोंदवलं, की किपू सांभाळणारे जाणकार त्या आकड्यांमागच्या हकिकती तोंडपाठ ठेवत. आठवण राहावी म्हणून बाई पदराला गाठ मारते, तसंच हे: परक्याला ती नुसती गाठ, तिच्यासाठी सगळी हकिकत. म्हणजे अर्धी गोष्ट दोरीत होती, अर्धी माणसात. पुढे स्पॅनिश राजवटीत, १५८३मध्ये लिमाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने मूर्तिपूजेशी जोडलेले किपू नष्ट करायला सांगितलं. हळूहळू जाणकारही संपले. आज शेकडो किपू संग्रहालयांत आहेत; त्यांतले आकडे बरेचसे वाचता येतात, हकिकती नाहीत.

एइल्सोन यांच्या गाठी तर मुळीच वाचता येत नाहीत. मग त्यांत बघणाऱ्याने हवी ती गोष्ट घुसवायची का? नाही. कापडावरचा ताण, पीळ, चुण्या हा डोळ्यांसमोरचा पुरावा आहे: कुणीतरी हे जोर लावून बांधलं आणि सोडवलं नाही. वाचणारा हरवला तरी बांधणाऱ्याचा हेतू उरतो, हीच त्या चित्रांची गोष्ट आहे, आणि पेरूच्या इतिहासाशी ती इमान राखते. म्हणून अशा चित्रासमोर ‘हे काय आहे?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘हे कुणी आणि कशासाठी बांधलं?’ असं विचारावं.