बसतो तो योग्यच, असे नाही: बोटीच्या इंजिनाचा स्पार्क प्लग



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दोघातिघांनी फोन केला. म्हणाले, सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलं की काय? एकाने तर विचारले, अमरावती-अकोल्यात बोट आलीच कुठून?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ. आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही हे खरेच. पण पूर्णा आहे, वर्धा आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे, महानला काटेपूर्णा आहे. आणि २०२१ च्या जुलैमध्ये अकोल्यात मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले, ते तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वेळी रबरी किंवा फायबरची बोट येते. तिच्या मागच्या फळीवर एक इंजिन टांगलेले असते, त्याला आउटबोर्ड म्हणतात. आपल्याकडच्या बचाव बोटींवर बहुधा २५ ते ४० अश्वशक्तीचे, पेट्रोलवर चालणारे. ही बोट वर्षातले नऊ-दहा महिने शेडमध्ये पडून असते आणि जेव्हा लागते तेव्हा मात्र लगेच लागते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरच्या मोठ्या लाँचची गोष्ट वेगळी. त्या डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो. आजचा आपला विषय पेट्रोलच्या इंजिनाचा.

आता हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आम्ही पूर्णेकाठच्या एका गावी एका जुन्या विद्यार्थ्याकडे मुक्कामाला होतो. रात्रीतून पाणी चढले. सकाळी बोट आली. नाल्यापलीकडच्या घराच्या स्लॅबवर सात माणसे अडकली होती, त्यांत एक म्हातारी आणि एक बाळंतीण. बोट तिथवर गेली. म्हातारी काही केल्या बोटीत पाय ठेवीना. तिला समजावण्यात पंधरा-वीस मिनिटे गेली. तोवर इंजिन हळू चालू ठेवलेले, बंद केले तर पुन्हा सुरू होईल की नाही ही धास्ती. शेवटी सगळे बसले, चालकाने वेग वाढवला आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडले. दोरी ओढून ओढून त्याचे हात भरून आले. बोट प्रवाहाबरोबर सरकायला लागली. एका बाभळीला दोर टाकता आला म्हणून निभावले.

पोरांनी ती बोट दोराने काठाला ओढून आणली. गावात दुचाक्या दुरुस्त करणारा एक गडी होता. त्याने प्लग काढले. दोन्ही काळेकुट्ट आणि ओले. पुसले, नंबर वाचला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "सर, प्लग भारी हाय जी. पन या इंजिनाचा नाही." पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत कोणीतरी चांगल्या हेतूने महागातले, शर्यतीच्या गाड्यांचे प्लग बसवले होते. चांगली वस्तू घातली, म्हणजे चांगलेच होईल, हा हिशेब!

पाहा, "भारी हाय, पन या इंजिनाचा नाही." उत्तम आणि योग्य यांतला भेद आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवला, पण इतक्या थोडक्यात कधी सांगता आला नव्हता.

प्लगचे काम काय?

सिलिंडरमध्ये दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडणे, एवढेच. १८६० मध्ये फ्रान्समध्ये लेनवारने आपल्या वायूच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पुढे १९०२ मध्ये बॉश कंपनीत होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. आउटबोर्ड इंजिन बाजारात रुजवले ते ओले एव्हिनरूडने, अमेरिकेत, १९०९ च्या सुमारास. आपल्याकडे स्कूटरच्या डिकीत जो 'मायको'चा प्लग असायचा, ती बॉशचीच भारतातली कंपनी, १९५१ ची. त्या काळी डिकीत एक जादा प्लग, प्लगपाना आणि काचकागदाचा तुकडा नसेल तर माणूस परतवाड्याच्या पुढे घाटात जायला धजत नसे.

दोन-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. म्हणजे मिनिटाला ५,००० फेरे, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ५,००० ठिणग्या. दुसरी गोष्ट, दुचाकीला उतार मिळतो, सिग्नल मिळतो. पाण्याला उतार नाही. बोट पूर्ण वेगात असते तेव्हा तिचे इंजिन जणू सतत घाट चढत असते. आणि बचावकार्यात ह्याच्या अगदी उलटही होते: अर्धा अर्धा तास नुसते धुगधुगत उभे राहणे. एकाच प्लगला ही दोन्ही टोके सांभाळायची असतात.

गरम प्लग, थंड प्लग

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. गरम प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी देणारा, असे नव्हे. ठिणगीचा इथे संबंध नाही. प्लगचे टोक जळत्या वायूत तापते. ती उष्णता पांढऱ्या चिनीमातीतून धातूच्या अंगात आणि तिथून सिलिंडरच्या हेडमध्ये जाते. चिनीमातीचे नाक लांब असेल तर उष्णतेला वाट लांब पडते, टोक तापलेले राहते. तो गरम प्लग. नाक आखूड, तर उष्णता लवकर निघून जाते. तो थंड प्लग.

टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्यावर बसलेली काजळी जळून जाते, प्लग स्वतःला साफ ठेवतो. त्याखाली राहिले, तर काजळी आणि तेल साचते, आणि वीज फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून सरकून निघून जाते. आपण म्हणतो ना, "प्लगमध्ये कचरा आला", तो हाच. उलट टोक ८०० अंशांच्या पुढे गेले, तर ते स्वतःच निखाऱ्यासारखे होते आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून देते. हे वेळेआधीचे पेटणे चालू राहिले, तर पिस्टनला भोक पडते.

म्हणजे अति गरम प्लग पूर्ण वेगात घात करतो आणि अति थंड प्लग धुगधुगताना. आमच्या गावातल्या बोटीत दुसरा प्रकार झाला. शर्यतीचे प्लग थंड जातीचे. पूर्ण वेगात ते सुरेख चालले असते. पण म्हातारी बोटीत बसायला तयार नव्हती, ती वीस मिनिटे त्यांना झेपली नाहीत.

ॲरिस्टॉटल मध्यम मार्ग सांगतो तेव्हा लोकांना वाटते, दोन आणि दहा यांच्यामधला सहा काढला की झाले. तो स्वतःच म्हणतो, तसे नव्हे. मायलो पहिलवानाला पुरेल तेवढा खुराक आखाड्यात नव्याने आलेल्याला जास्त होईल. मध्य हा वस्तूचा नसतो, ज्याला द्यायचे त्याच्या संबंधाने असतो. आपल्याकडे ह्यालाच अधिकारभेद म्हटले आहे. प्लगच्या दुकानातही हाच नियम.

नंबर कसा वाचावा?

एक नमुना घेऊ. एनजीके ही १९३६ ची जपानी कंपनी. तिचा बी८एचएस-१० हा प्लग दोन-स्ट्रोक आउटबोर्डवर सर्रास दिसतो. यातला 'बी' म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर. '८' हा गरम-थंडपणाचा आकडा. 'एच' म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर. 'एस' हा मधल्या इलेक्ट्रोडचा नेहमीचा प्रकार, आत तांबे असलेला. शेवटचा '१०' म्हणजे फट १.० मिलिमीटर. 'बी'च्या पुढे 'आर' आला, तर आत रोधक आहे.

आता एकेकाचे महत्त्व पाहू.

आट्यांची लांबी. १२.७ च्या जागी १९ मिलिमीटरचा प्लगही सुरळीत फिरत आत जातो, कारण व्यास तोच. पण त्याचे टोक सिलिंडरमध्ये डोकावते. पिस्टन आदळू शकतो, आणि उघड्या आट्यांवर काजळी बसली की प्लग काढताना हेडचे आटेच निघून येतात. उलट, लांब भोकात आखूड प्लग घातला, तर ठिणगी बिळात पडते. म्हणून 'बसला' हा पुरावा होत नाही.

आकडा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये मात्र आकडा वाढला की प्लग गरम! त्यामुळे कंपनी बदलताना आकड्याशी आकडा जुळवू नका. कंपनीचा बदलतक्ता पाहा.

फट. दुकानातून आणलेला प्लग बरोबरच असेल असे धरू नका. पडल्याने फट मिटते. फीलर गेजने मोजा. वापराने इलेक्ट्रोड झिजतो, फट वाढते आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. मग भर पावसात, दमट हवेत इंजिन सुरू व्हायला कुरकुरते.

रोधक. बचाव पथकाजवळ वायरलेस संच असतो. ठिणगीमुळे त्यात खरखर येते, ती रोधक कमी करतो. पुस्तिकेत 'आर' सांगितला असेल तर 'आर'च घाला. काही इंजिनांची विजेची यंत्रणाही त्याच्यावाचून बिघडते.

राहिले इरिडियम आणि प्लॅटिनम. टिकतात जास्त, पण इंजिनाच्या पुस्तिकेत त्यांचा नंबर दिला असेल तरच. आणि त्यांची बारीक टोके काचकागदाने घासू नका.

काढलेला प्लग काय सांगतो?

आमच्या नैयायिकांचे आवडते उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे: डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. काढलेला प्लग पाहणे हेही असेच अनुमान, कार्यावरून कारणाकडे. फिकट तपकिरी, विटकरी रंग असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. ओला, तेलकट काळा असेल तर मिश्रणात तेल जास्त, किंवा ठिणगीच पडत नाही. पांढराफटक, फोड आलेला असेल तर प्लग फार गरम, किंवा मिश्रणात पेट्रोल कमी, किंवा थंड पाण्याचा पंप गाळाने तुंबलेला. पुराच्या पाण्यात हे शेवटचे विसरू नका.

पण न्यायशास्त्र इथेच सावध करते. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. धूर निघायला ओले सरपण लागते. ती अट न पाहता अनुमान केले तर फसते. काळ्या प्लगला चार कारणे असू शकतात. म्हणून थेट 'गरम नंबर घालू' म्हणू नका. आधी तेलाचे प्रमाण पाहा. पुस्तिकेत ५० ला १ असेल, तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. अंदाजाने ओतायचे नाही. मग चोक अडकला आहे का पाहा. मग प्लगचा नंबर पुस्तिकेशी ताडून पाहा. नंबर बरोबर आणि बाकी सगळे ठीक असेल तरच, पुस्तिकेने मुभा दिली असेल तेवढी, एक पायरी बदला.

पावसाळ्यापूर्वी काय करावे?

इंजिन थंड असताना, सुरक्षेची दोरी काढून, प्लगभोवतीची धूळ आधी पुसा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग बोटांनी जाईल तिथवर फिरवा. तिरपा जात असेल तर जोर लावू नका. वॉशर टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा. जुनाच परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, अगदी थोडे पुरे. हंगाम संपला की प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, चाक हाताने फिरवा, प्लग परत लावा. नाहीतर दहा महिन्यांत आत गंज धरतो.

आणि योग्य नंबरची एक जादा जोडी, पान्यासह, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बोटीतच ठेवा, कार्यालयाच्या कपाटात नको. तो नंबर इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. पुस्तिका हरवते, माणसाची बदली होते, झाकण तिथेच राहते.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, "सर, त्या म्हातारीचे पुढे काय झाले?" त्या गड्याने टपरीतून योग्य नंबरची जोडी आणून लावली. इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झाले. म्हातारी तोवर काठावर चहा पीत बसली होती आणि बोट उरलेल्या माणसांकरिता पुन्हा निघाली होती. जाताना ती आम्हाला म्हणाली, "मी म्हनतच होती, त्या बोटीत बसू नोका." तिचे अनुमान खरे ठरले होते, कारण मात्र तिला ठाऊक नव्हते. ते आज आपण समजून घेतले.