साप दिसला नाही, खूणही नाही. तरी ‘रात्री कुठं झोपला होता?’ हे विचारायलाच हवं

पावसाळ्यातली पहाट. तांड्यावरून किंवा शेतातल्या वस्तीवरून रुग्ण दवाखान्यात येतो. पोटात कळ, एक-दोन उलट्या, घसा धरलेला. साप कुणी पाहिलेला नाही, अंगावर सूजही नाही. ॲसिडिटी समजून गोळी देऊन घरी पाठवलं, तर थोड्या वेळात पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही आणि पुढं श्वासच अडतो.

हा मण्यारचा दंश असू शकतो. कन्नडमध्ये याच सापाला ‘कट्टु हावु’ म्हणतात.

खूण का दिसत नाही?

मण्यार रात्री फिरतो. त्याचे दात बारीक असतात. दंशाची जागा सहसा सुजत नाही, फारशी दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावल्याचं कळतही नाही. त्याचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश तोडतं.

घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय आला की काचेच्या नळीत रक्त घेऊन ते 20 मिनिटांत गोठतं का, हे पाहतात. मण्यारच्या विषात रक्त नेहमीसारखं गोठतं. त्यामुळं ही चाचणी बरोबर आली म्हणून रुग्णाला घरी सोडता येत नाही. पापण्या, गिळणं आणि श्वास यांवर तासन् तास नजर ठेवावी लागते. हालचाल पूर्ण थांबलेला रुग्णही आतून शुद्धीवर असू शकतो. श्वास चालू ठेवला, तर तो वाचतो.

शिकाऊ डॉक्टरांचा संबंध काय?

बिदरचं ब्रिम्स, कलबुर्गीचं जिम्स आणि एम. आर. मेडिकल कॉलेज इथून दरवर्षी नवे डॉक्टर बाहेर पडतात. 2021 च्या नियमांनुसार 12 महिन्यांच्या इंटर्नशिपमधले 12 आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्राचे असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं.

हे दिवस सही करून काढायचे नसतात. वॉर्डात रुग्ण येतो तेव्हा निदानाची चिठ्ठी बहुतेक वेळा सोबत असते. आरोग्य केंद्रात ‘पोट दुखतंय’ एवढंच कानावर पडतं. त्यात सीमाभागात कुणी मराठीत सांगतं, कुणी कन्नडमध्ये, कुणी उर्दूत. ‘डोळे उघडेनात’ हे शब्द बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला कळले नाहीत, तर निदानच हुकतं.

रायगड जिल्ह्यातलं उदाहरण बोलकं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून लक्षणं टिपली. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढं प्राझोसिन या औषधानं अनेक जीव वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात मात्र रुग्णाकडं नीट पाहण्यापासूनच झाली.

घरच्यांनी काय करावं?

कर्नाटकनं फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंश हा नोंद सक्तीचा आजार ठरवला. पण नोंद होण्याआधी ओळख पटायला हवी. पहाटे अचानक पोट दुखू लागलं आणि पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसू नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपण होऊन सांगा : ‘साहेब, रात्री खाली जमिनीवर झोपला होता.’