टाच टेकवत नाही तेव्हा

वर्षावास सुरू आहे. नारायणगडाच्या परिसरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालते. तासभर मांडी घालून बसायचे, मग सरणत्तय आणि उठायचे. या उठण्याच्या वेळी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. चाळिशीच्या पुढच्या कितीतरी माता-भगिनी एकदम चालू लागत नाहीत. भिंतीला हात लावून थोडा वेळ थांबतात आणि पायाच्या चवड्यावर चार पावले टाकतात. विचारले की उत्तर एकच, "टाच टेकवत नाही. चार पावलं चाललं की मोकळं होतं." सकाळी अंथरुणातून उठतानाही हेच होते, असे त्या सांगतात.

हे दुखणे बायकांनाच होते असे नाही. दिवसभर उभे राहणारा वॉचमन, पहाटे झाडू घेऊन निघणारे सफाई कामगार, फरशीवर उभे राहून चार घरची धुणीभांडी करणारी ताई, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, या सगळ्यांना ते गाठते. साधारण दहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. डॉक्टर त्याला 'प्लांटर फॅसायटिस' म्हणतात. आपण टाचदुखीच म्हणू.

ही माहिती आत्ता देण्याचे कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो. फडात गेल्यावर टाच धरली तरी बसून राहता येत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. मग कोणी इंजेक्शन घेते, कोणी पुडीतल्या गोळ्या खाते आणि पाय ओढत हंगाम काढते. जे करायचे ते निघण्याआधीच सुरू केले पाहिजे.

नेमके दुखते काय?

तळव्याच्या कातडीखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. तो टाचेच्या हाडापासून निघतो आणि पसरत बोटांच्या मुळाशी जातो. पायाची कमान तोच ताणून धरतो. आपण पाऊल टाकतो तेव्हा शरीराचा भार या पट्ट्यावर येतो. पट्टा सोसतो, रात्रीच्या विश्रांतीत सावरतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला तयार होतो.

सावरण्यापेक्षा झीज जास्त झाली की टाचेच्या हाडाला जिथे तो चिकटलेला असतो तिथे बिघाड होतो. रात्री पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडतो. सकाळी पहिले पाऊल टाकताच तो एकदम ताणला जातो आणि टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. थोडे चालल्यावर पट्टा सैलावतो, म्हणून बरे वाटते. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबले की नेमकी जागा सापडते. एवढ्या खुणा जुळल्या तर बहुतेक वेळा दुखणे हेच असते.

"टाचेचं हाड वाढलंय" असे आपल्याकडे सर्रास सांगतात. एक्स-रेमध्ये हाडाचे टोक दिसते आणि माणूस घाबरतो. पण असे टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसते. ते काढले म्हणजे दुखणे जाईल असे नाही. ते तसेच राहूनही टाच पूर्ण बरी होते.

कशामुळे होते?

कारण बहुधा एकटे नसते. कडक जमिनीवर तासन्‌तास उभे राहणे, झिजलेली पातळ चप्पल, आखडलेल्या पोटऱ्या, वाढलेले वजन, चाळीस ते साठ हे वय. यांत भर पडते ती अचानक वाढलेल्या कामाची. ऊसतोडीत नेमके हेच घडते. पावसाळ्याचे काही महिने काम कमी असते. मग एका आठवड्यात माणूस फडात पोहोचतो, पहाटेपासून वाकून तोड, मोळ्या बांधणे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणे. अंगाचा भार, त्यावर मोळीचा भार आणि खाली पातळ स्लीपर. पट्ट्याला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

म्हणून टाच दुखते ती कोणाच्या नाजूकपणामुळे नव्हे, आणि "बायकांचं काही ना काही दुखतंच" म्हणून सोडून देण्यासारखीही ती नाही.

घरी काय करायचे?

चांगली बातमी अशी, की दहातले आठ-नऊ जण ऑपरेशनाशिवाय बरे होतात. वाईट एवढेच, की त्याला वेळ लागतो. काहींना दोन-तीन महिने, काहींना वर्षभर. आठ दिवस व्यायाम करून सोडला तर उपयोग नाही.

१. उठण्याआधी तळवा ताणा. अंथरुणातच बसा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पायाची सगळी बोटे नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा, तिथे ताणलेल्या दोरीसारखा पट्टा लागला पाहिजे. दहा अंक मोजा, सोडा. असे दहा वेळा. हे झाल्यावरच पाय जमिनीवर टेकवा. दिवसातून तीनदा करा. विहारात वंदना झाल्यावर उठण्याआधीही करता येते.

२. पोटरी ताणा. भिंतीला दोन्ही हात लावून उभे राहा. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढचा गुडघा वाकवून भिंतीकडे झुका. मागच्या पोटरीत ताण जाणवेल. तीस अंक मोजा. तीन वेळा करा. मग मागचा गुडघा थोडा वाकवून पुन्हा तीन वेळा.

३. पायात बळ आणा. नुसते ताणून भागत नाही, भार पेलायला पट्टा मजबूतही झाला पाहिजे. एक पंचा गुंडाळून पायरीवर ठेवा. चवडा पायरीवर, बोटे पंच्यावर चढलेली, टाच पायरीबाहेर. भिंतीचा आधार घ्या. तीन अंक मोजत टाच वर उचला, दोन अंक थांबा, तीन अंक मोजत खाली सोडा. असे बारा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन तीन फेऱ्या. सुरुवात दोन्ही पायांवर करा, जमू लागले की फक्त दुखऱ्या पायावर. हा व्यायाम रोज नको, एक दिवसाआड. करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे जास्त वाढले तर फेऱ्या कमी करा.

४. गार बाटली फिरवा. पाण्याची बाटली शेजारच्या फ्रिजमध्ये गोठवून घ्या, कापड गुंडाळा, बसून तिच्यावर तळवा दहा मिनिटे मागेपुढे फिरवा. संध्याकाळी कामावरून आल्यावर याने ठणका उतरतो.

पूर्ण अंथरूण धरू नका. काम थांबवणे शक्य नसेल तर वाटून घ्या. सलग उभे राहण्याऐवजी मध्ये पाच मिनिटे बसा. टोळीत एकाच बाईने सगळा वेळ मोळ्या वाहण्यापेक्षा तोडणे, बांधणे, वाहणे आलटून पालटून करा. वजन जास्त असेल तर थोडे कमी झाले तरी टाचेवरचा भार हलका होतो.

पायात काय घालता?

चप्पल हातात घ्या आणि मधोमध वाकवा. चपातीसारखी घडी पडत असेल तर ती टाचदुखीला कामाची नाही. तळ जाड हवा, टाचेखाली किंचित उंची आणि मऊपणा हवा, मागून पट्टा किंवा बंद बूट असेल तर उत्तम. मेडिकलमध्ये टाचेखाली ठेवायची सिलिकॉनची गादी मिळते. ती दोन्ही पायांत ठेवा, एकाच नको. फडात तोडलेल्या उसाचे बुडखे टोकदार असतात, तिथे तर बूटच हवेत. आणि टाच दुखत असेपर्यंत घरातही फरशीवर अनवाणी फिरू नका, घरात वापरायची वेगळी जोडी ठेवा.

आपल्या घरांत पोरांच्या शाळेचे बूट आधी येतात, मालकांची चप्पल नंतर आणि आईची सगळ्यांत शेवटी. शिवणीला तार घातलेली, खिळा मारलेली चप्पल ती वापरत राहते. आपल्या वाडवडिलांना गावाच्या वेशीतून पायात चप्पल घालून चालायलाही मज्जाव असे. त्या समाजात चांगली चप्पल हा डौल नाही, ते कामाचे अवजार आहे. कोयत्याला धार लावतो तसा पायाचाही विचार झाला पाहिजे.

विनयपिटकात यावर एक गोष्ट आहे. सोण कोळिवीस हा श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक पायांचा तरुण भिक्खू झाला. त्याने चंक्रमणाचा एवढा अतिरेक केला की तळवे फुटून चालण्याची वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला विचारले, तू वीणा वाजवायचास, तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर स्वर निघतो का? नाही. मग प्रयत्नही समतोलच हवा. त्यानंतर भगवंतांनी त्याला एका तळाच्या चपला वापरायची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, एकट्याला नको, सगळ्या संघाला मिळणार असेल तर मीही वापरीन. आणि ती अनुज्ञा सगळ्या संघाला मिळाली. तळव्याचा पट्टाही त्या तारेसारखाच आहे. अति ताण त्याला मारतो आणि पूर्ण विश्रांतीने तो दुबळा होतो.

हे करू नका

टाचेला डाग देऊन घेऊ नका. त्याने दुखणे जात नाही, जखम मात्र होते. गरम वीट आणि रुईच्या पानाचा शेक अनेक जण घेतात. हलक्या शेकाने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण चटका बसेल इतका नको, आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते.

नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या खाऊ नका. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर पोटात जखमा होतात, किडनीवर ताण येतो, बीपी वाढते. उन्हात, कमी पाणी पिऊन काम करणाऱ्याला हा धोका जास्त.

टाचेत स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. कधी कधी डॉक्टर विचार करून ते देतातही. पण पुन्हा पुन्हा घेतले तर पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजते. खाडा नको म्हणून दर महिन्याला इंजेक्शन हा मार्ग नाही.

ऑपरेशनाची घाई तर नकोच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे उघड झाले आणि २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. काम बुडू नये या भीतीने बाई चाकूखाली जाते, हा धडा आपण घेतला आहे. टाचेसाठी कोणी पहिल्याच भेटीत ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. सहा महिने ते वर्षभर बाकी सगळे उपाय करूनही फरक पडला नाही, तरच तो विचार करायचा असतो.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचे?

टाच लाल होऊन सुजली, ताप आला, उंचावरून पडल्यावर किंवा उडी मारल्यावर दुखू लागले, चालताना 'कट्' आवाज होऊन एकदम कळ आली, झोपेतही ठणकते, तळव्याला मुंग्या येतात, बधिरपणा आहे किंवा कातडीवर न कळणारा चट्टा आहे, तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली राहते. यांपैकी काही असेल तर थांबू नका.

साखरेचा आजार असलेल्यांनी जास्त जपावे. बाबासाहेबांनाही या आजाराने अखेरच्या वर्षांत फार छळले. साखरेमुळे पायाची जाणीव कमी होते. चटका बसलेला कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. अशांनी गरम शेक आणि बर्फ दोन्ही टाळावेत आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

सुरुवात आशाताईला सांगून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. गरज पडली तर बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात दाखवा.

विहारातूनच सुरुवात करू या

वर्षावास संपायला अजून अवकाश आहे. रोजच्या वाचनानंतर दहा मिनिटे विहारातच हे व्यायाम सगळ्यांनी मिळून करावेत, अशी आमची महिला मंडळांना विनंती आहे. तळवा ताणायला सतरंजी पुरते, पोटरीला विहाराची भिंत आणि टाच उचलायला विहाराची पायरी. एकटी बाई चार दिवसांत कंटाळते, दहा जणी मिळून केले की खंड पडत नाही. ज्यांना टोळीत जायचे आहे त्यांनी हे व्यायाम पाठ करून घ्यावेत. कोपीबाहेर, गाडीच्या पायरीवरही ते करता येतात.

आणि यंदाची उचल हाती आली की त्यातून पहिली खरेदी घरातल्या बाईच्या पायातल्या बुटांची व्हावी.

जय भीम.