आजीच्या पेटीतले नाणे

जत्रेहून कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. कोणी बुक्का आणतो, कोणी तुळशीची माळ, कोणी पोरासाठी पिपाणी. पूर्वीचे यात्रेकरू तीर्थाच्या गावाहून धातूचे एक नाणेही आणीत. ते बाजारात चालत नसे. ते देव्हाऱ्यात ठेवून त्याची पूजा करीत. ते आठवणीचे नाणे.

अशा नाण्यांत रामटंका प्रसिद्ध आहे. टंका म्हणजे नाणे. त्याच्या एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, भोवती भाऊ आणि मारुती असतात. दुसऱ्या बाजूला धनुष्य घेऊन वनात निघालेले राम-लक्ष्मण दिसतात. टंका पितळेचा, तांब्याचा किंवा चांदीचा असतो. अमृतसरचीही अशी नाणी आहेत. त्यांवर गुरू नानक आणि रबाब वाजवणारा त्यांचा सोबती मर्दाना दिसतो.

अशी नाणी जमवण्याचा छंद पुष्कळांना आहे. छंद चांगलाच. पण त्यापायी लोक फसतातही.

एक शेतकरी भाऊ आमच्याकडे आले. आजीच्या पेटीत त्यांना पितळेचे नाणे सापडले होते. त्यावर रामदरबार होता. मागे इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल होते. गावात आलेला एक माणूस त्यांना म्हणाला, "दादा, याचे लाखो रुपये येतील. गिऱ्हाईक मी आणतो. आधी खर्चाला पाच हजार द्या." भाऊंनी बियाण्याचे पैसे काढून ठेवले होते.

आम्ही म्हटले, "थांबा भाऊ. आधी नाणे नीट पाहू या."

रामदरबाराचे नाणे कंपनी सरकारने कधी पाडलेच नाही. १८३५ साली कंपनीने आपल्या सगळ्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्यावर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा मुखवटा होता. अकबर बादशहाने मात्र १६०५ च्या सुमारास राम-सीतेची थोडी नाणी पाडली होती. ती सोन्याचांदीची आणि फार दुर्मीळ आहेत. हे नाणे ते नव्हे.

मग १८१८ हे साल कुठून आले? अहो, साल कोणीही कोरतो! कित्येक रामटंक्यांवर ५१७४० असा आकडा असतो. असे साल अजून उजाडलेच नाही.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. जुन्या नाण्याच्या विक्रीसाठी कोणी आधी पैसे मागितले, तर देऊ नका. मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून मागितले, तरी देऊ नका. आपण असा व्यवहार करीत नाही, असे या बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे. नाणे तांदूळ ओढते म्हणून ते अमोल, असे कोणी दाखवील. ती लोहचुंबकाची हातचलाखी. खरी किंमत जाणकाराला विचारा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. आणि नांगरताना जमिनीत पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तसा १८७८ चा कायदा आहे.

घरचे जुने नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासल्याने चित्र आणि अक्षरे झिजतात. ते कोरड्या कापडात ठेवा. सोबत एक चिठ्ठी ठेवा. नाणे कोणी आणले, कुठून आणले, केव्हा आणले, ते तिच्यावर लिहा. चिठ्ठी नसेल, तर नातवंडांना ते नुसते पितळ वाटेल.

भाऊंनी घरी जाऊन आईला विचारले. आठ दिवसांनी ते चिठ्ठी दाखवायला आले. अक्षर वाकडे होते, पण त्यांचे स्वतःचे होते: "आजीने हे नाणे नाशिकच्या यात्रेहून आणले. तेव्हा माझी आई लहान होती."

आणि पाच हजारांचे बियाणे वेळेवर शेतात पडले.