दुष्काळ हाडांवर उमटतो तेव्हा

राळेगणसिद्धी म्हटलं की पाण्याची गोष्ट आठवते. पारनेर तालुक्यातलं हे गाव वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातलं. इथे १९७५ नंतर श्रमदानातून बांध, नालाबंडिंग, पाझर तलाव झाले. याच कोरड्या पट्ट्यात, दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पाऊस कमी पडला की मुलांच्या हाडांचं काय होतं, हे तिथल्या मातीनं जपून ठेवलं आहे.

डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव उकरलं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं ते शेतकऱ्यांचं गाव. दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची. मूल दगावलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यात त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत.

अशा मुलाचं वय कळतं दातांवरून आणि हाडं कुठवर तयार झाली आहेत त्यावरून. कारण पोटातल्या बाळाचा सांगाडा सुरुवातीला हाडांचा नसतोच. नाकाच्या शेंड्याला हाताला लागते तशी लवचिक कूर्चा असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास मांडीच्या, दंडाच्या हाडाच्या मधल्या भागात हाड तयार व्हायला लागतं. अस्थिजनक पेशी कोलाजेनची जाळी विणतात आणि तीत कॅल्शियम-फॉस्फरसचे स्फटिक बसतात. टोकं मात्र कूर्चेचीच राहतात. बहुतेक टोकांत जन्मानंतर वेगळी केंद्रं उगवतात. मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकातलं केंद्र जन्माच्या सुमारासच दिसतं. टोक आणि दांडा यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ चकती उरते. हात-पाय लांब होतात ते या चकत्यांपाशीच.

कवटीची रीत निराळी. तिचा वरचा भाग कूर्चेशिवाय, थेट पातळ पडद्यातूनच हाड होतो. बाळाची टाळू म्हणजे त्या हाडांमधली मोकळी जागा, साधारण दीड वर्षात भरून येणारी. कवटीच्या शिवणीसुद्धा सांधेच आहेत, फक्त न हलणारे. जन्मवेळी तीनशेच्या आसपास असलेले तुकडे असे जुळत जुळत २०६ वर येतात. गळ्याजवळची हासळी सर्वांत आधी हाड व्हायला लागते आणि तिचं छातीकडचं टोक पंचविशीच्या आसपास, सर्वांत शेवटी जुळतं.

वाढ संपून हात-पायांच्या हाडांतल्या चकत्या विरल्या तरी हाडाच्या अगदी टोकावरचा कूर्चेचा थर आयुष्यभर राहतो. हलते सांधे त्याच्यावरच चालतात: गुडघा आणि कोपर बिजागरीचे, खांदा आणि खुबा उखळीचे. या थरात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून त्याला पोषण मिळतं आणि हालचालीनं तो द्रव आत पोचतो. रक्तपुरवठा नसल्यामुळेच झिजलेला गुडघा सहजी भरून येत नाही.

इनामगावच्या शेवटच्या वस्तीतल्या मुलांची हाडं संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी अभ्यासली. त्यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं. शेती ढासळत गेली त्या काळात मुलांची वाढ खुंटली होती, हे त्यांना मांडीच्या हाडांवरून दिसलं. अन्न कमी पडलं की शरीर आधी जीव सांभाळतं, उंची मागे ठेवतं. पुढे अन्न मिळालं तर मूल काही अंशी भरपाई करतं. चकती बंद झाल्यावर तेही जमत नाही. म्हणून माझ्या मते गावातलं पाणी, दूध आणि भाजीपाला हा हाडांच्या आरोग्याचाच विषय आहे.

मुलींच्या चकत्या मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी मिटतात. तेव्हा घरातलं दूध, नाचणी, तीळ मुलींच्या ताटात आधी वाढा आणि त्यांना उन्हात खेळू द्या. वाढत्या वयातल्या मुलाला सांध्याजवळ मार लागला आणि सूज आली, तर ते मुरगळलं आहे असं समजून चोळू नका, हाड बसवणाऱ्याकडेही नेऊ नका. चकती दुखावलेली असू शकते. त्याच दिवशी एक्स-रे काढा.