कळ दाबावी, पण कोणती?

मुलगी पाहायला जाताना आधी रंग विचारू नये, असे माझी आई म्हणत असे. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी संगणकाचा कळफलक घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला तो नेमका रंगाचाच. "आजी, कोणता देऊ? लाल, तपकिरी की निळा?"

मी म्हटले, "काळा द्या. मळ दिसत नाही."

बरोबर आलेल्या नातवाने चेहरा दुसरीकडे वळवला. दुकानदार मात्र गंभीरपणे म्हणाला, "काळा तुमच्या बोटांना जड जाईल, आजी." तेव्हा माझ्या लक्षात आले की, येथे रंगाचा अर्थ निराळा आहे आणि आपल्या अज्ञानाचे प्रदर्शन पुरेसे झालेले आहे.

वाचक-भगिनींनो, मी काही या विषयात अगदीच नवखी नव्हे. १९७७ साली गिरगावातल्या एका टंकलेखन वर्गात मी बोटे घासली, पुढे एका कचेरीत तीस वर्षे टंकलेखिकेची नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर लोकांची मराठी हस्तलिखिते घरी संगणकावर उतरवून देते. पानामागे पैसे मिळतात. फार नव्हेत, पण माझे औषधपाणी त्यातून निघते. गेल्या पावसाळ्यात माझी डावी करंगळी दुखू लागली. दुपारी तीन पाने झाली की ती संपावर जाई. त्यात जुन्या कळफलकाच्या कळा अशा बसल्या होत्या की, एक 'भ' उमटवायला दोनदा ठोसा मारावा लागे. नातू म्हणाला, "आजी, तू मेकॅनिकल घे." त्यात त्याचाही स्वार्थ होता. संगणक घरात एकच, आणि संध्याकाळी सातनंतर तो त्याच्या खेळाचा.

हे मेकॅनिकल प्रकरण काय आहे ते आधी सांगते. आपल्या घरोघरी जो स्वस्त कळफलक असतो, त्यात कळांच्या खाली रबराच्या लहान वाट्या असतात आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ थर. कळ दाबली की वाटी चेपते, खालचे दोन थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. वाटी पार तळापर्यंत चेपावी लागते, आणि रबर ते रबरच. चार-पाच वर्षांत त्याचा जीव जातो. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो : एक लहानशी डबी, तिच्यात वरखाली होणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांडा साधारण ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर उमटते ते निम्म्या वाटेवर, म्हणजे २ मिलिमीटरला. उरलेली वाट बोटाने चालायची की नाही, हे बोटाच्या मर्जीवर.

आज जगभर हा जो नमुना चालतो तो मूळचा चेरी या कंपनीचा. ही कंपनी १९५३ साली अमेरिकेत निघाली आणि पुढे जर्मनीत गेली. तिचा हा 'एमएक्स' स्विच १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. त्याच सुमारास आयबीएमच्या कळफलकांचाही मोठा दबदबा होता. १९८५ च्या त्यांच्या 'मॉडेल एम'मध्ये कळ दाबताच आतली स्प्रिंग एका बाजूला मोडून पडे आणि खाडकन आवाज होई. ते कळफलक अजूनही शौकीन मंडळी जपून ठेवतात. चेरीच्या पेटंटची मुदत संपली तशा कैल, गेटरॉन, औटेमू अशा चिनी कंपन्या त्याच घडणीचे स्विच करू लागल्या, आणि म्हणून आज ही वस्तू आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. तरी साधा मेकॅनिकल कळफलक दोन-अडीच हजारांच्या खाली चांगला मिळेल, अशी आशा करू नये.

आता रंगांकडे वळू. दुकानदाराने काउंटरवर एक फळी ठेवली. तिच्यावर नऊ सुट्या कळा बसवलेल्या होत्या. "दाबून पाहा," म्हणाला. अशी फळी ज्या दुकानात नाही तेथून घेऊच नये, असे माझे मत आहे. साडी बोटांत घेऊन पाहिल्याशिवाय आपण घेतो का?

लाल कळ दाबली. लोण्यात सुरी जावी तशी ती सरळ खाली गेली. कोठे अडली नाही की बोलली नाही. तिला ४५ ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. काळी तशीच सरळ, पण तिची स्प्रिंग ६० ग्रॅमची. दुकानदार म्हणाला ते खरेच होते. तपकिरी कळ निम्म्या वाटेवर किंचित अडखळते. जिन्याची एक पायरी पायाला लागावी तसे बोटाला कळते की, अक्षर उमटले, आता पुढे जाण्याचे कारण नाही. आणि निळी? निळी अडखळते, आणि वर 'टिक्' म्हणून सांगतेही. तिच्या दांड्यावर एक सुटा तुकडा असतो; ठरावीक जागी तो निसटून खाली आपटतो, त्याचा तो आवाज.

ती 'टिक्' ऐकली आणि मी फसले. कबूल करते, फसले. वर्गातल्या पस्तीस यंत्रांचा एकदम होणारा तो पाऊस, ओळ संपताना वाजणारी घंटा, सगळे त्या एका आवाजात मला परत भेटले. नातू कानाशी पुटपुटत होता, "आजी, घरात चालणार नाही हं!" पण त्याच्या आजीने पैसे मोजले होते.

घरी आणल्यावर आम्ही एक उद्योग केला, तो ज्यांच्याकडे असा कळफलक असेल त्यांनी करून पाहण्यासारखा आहे. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या जवळपास असते. कळीवर एकावर एक नाणी रचत जायची आणि अक्षर कितव्या नाण्याला उमटते ते पाहायचे. नाणी कळीपेक्षा मोठी, त्यामुळे मनोरा डळमळतो, पण जमते. आमच्या निळ्या कळीला आठ नाणी लागली. नातवाने मित्राकडून लाल कळफलक आणला होता, त्याला सहा पुरली. हा दोन नाण्यांचा फरक तेव्हा मला क्षुल्लक वाटला. दिवसाला वीस हजार कळा दाबून पाहा म्हणजे समजेल.

पहिला आठवडा फार आनंदात गेला. मी धडाधड पाने काढीत होते. आमची सूनबाई रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस तिला रात्रपाळी असते आणि सकाळी येऊन ती झोपते. आमचे घर दोन खोल्यांचे. ती काही बोलली नाही. ती बोलणाऱ्यांतली नव्हेच. एके दिवशी दुपारी दोन वाजता मी पाणी प्यायला उठले, तर ती भिंतीकडे तोंड करून निजलेली, कानात कापसाचे बोळे. आणि डोळे उघडे.

मी कळफलक बंद केला. त्या दिवशीची पाने राहिली.

संध्याकाळी तिला म्हटले, "अगं, सांगायचे नाहीस का?" तर म्हणाली, "आई, तुम्ही इतक्या वर्षांनी खुशीत टाइप करीत होता."

दुसऱ्या दिवशी नातवाला बोलावून मी म्हटले, "आता मला पहिल्यापासून शिकव. या खेपेला कानाने नाही घ्यायचा."

शिकवता शिकवता त्याने आपल्या खेळाचेही सांगितले. 'काउंटर-स्ट्राइक' नावाचा त्याचा खेळ आहे. त्यात डाव्या हाताची बोटे चारच कळांवर असतात, डब्ल्यू, ए, एस आणि डी. माणूस पुढे, डावीकडे, मागे आणि उजवीकडे पळतो तो त्यांच्यावर. पळताना नेम लागत नाही. म्हणून डावीकडे पळणाऱ्याने त्या कळीवरून बोट उचलून क्षणभर उजवीची कळ दाबायची; गडी जागच्या जागी थांबतो, आणि मग गोळी. म्हणजे येथे कळ दाबण्याइतकेच ती सोडण्याला महत्त्व! निळ्या कळीचे दुखणे नेमके येथे आहे. ती ज्या उंचीवर लागते त्याच उंचीवर सुटत नाही; त्याहून वर आल्याशिवाय ती पुन्हा तयार होत नाही. टंकलेखकाला याचा पत्ताही लागत नाही, खेळणाऱ्याला मात्र ती चिकटल्यासारखी वाटते. म्हणून खेळणारे बहुतेक लाल, सरळ कळ पसंत करतात.

त्याच्याही पुढची एक जात निघाली आहे. तिच्यात धातूच्या पट्ट्या एकमेकींना लागतच नाहीत. दांड्यात लोहचुंबक असतो आणि तो किती खाली आला हे खालचा संवेदक मोजीत राहतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या गुणधर्मावर हे चालते. बोट केसभर वर उचलले की कळ सुटलीच. काही कंपन्यांनी तर बोटाचे कौशल्यच कळफलकात घातले : डावी कळ सोडायला विसरलात तरी उजवी दाबताच यंत्र डावी आपोआप सोडते. ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या कंपनीने आपल्या सर्व्हरवर त्याला बंदी केली. मला ते योग्य वाटले. आमच्या परीक्षेत कोणी यंत्राकडून स्पेलिंग दुरुस्त करून घेतले असते, तर परीक्षकांनी उठवलेच असते की!

या बोलण्यातून एक मौजेची गोष्ट निघाली. मी ज्या इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिते, तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला दिलेली आहेत. 'क'वर शिफ्ट दाबली की 'ख', 'ग'वर दाबली की 'घ'. थ, ध, फ, भ, ळ, श ही सारी मंडळी शिफ्टखाली राहतात. आणि व्यंजन उजव्या हाताचे म्हटल्यावर शिफ्ट डाव्या करंगळीने दाबायची. मराठीत 'काळ', 'भाऊ' यांच्यावाचून एक ओळ तरी सरकते का? माझी करंगळी का दुखते ते कोडे तेव्हा उलगडले. नातू आपली डावी करंगळी दाखवून म्हणाला, "माझीपण दुखते!" त्याच्या खेळात पावलांचा आवाज न करता चालायचे तर तीच शिफ्ट दाबून धरावी लागते. साठी उलटलेली आजी आणि सोळा वर्षांचा नातू, दुखणे एकाच कळीचे.

म्हणून आम्ही एकाच रंगाचा कळफलक घ्यायचा हा विचार सोडला. हल्ली असे कळफलक मिळतात की त्यांचे स्विच डाग न देता, चिमट्याने उपटून बदलता येतात. दुकानात 'हॉट-स्वॅप' म्हणायचे. घेताना तीन पायांचे स्विच बसतात की पाच पायांचे, तेवढे विचारून घ्यावे. तीन पायांचे पाच पायांच्या जागेत बसतात, उलट करायचे तर दोन पाय कापावे लागतात. उपटताना चिमटा सरळ वर ओढावा आणि नवा बसवताना पाय वाकलेले नाहीत ना, ते पाहावे. आमच्या नातवाने घाईत चार वाकवले आणि शिवणाच्या सुईने सरळ केले.

अक्षरांखाली आम्ही आवाज न करणारे लाल स्विच बसवले. यांच्या दांड्याला वर-खाली मऊ गादी असते, म्हणून आपटल्याचा आवाज दबतो. तपकिरी मला अधिक आवडले असते, खोटे कशाला बोलू? पण माझ्या बोटांना जुन्या यंत्राची सवय. तेथे अक्षराचा दांडा फितीवर फेकायचा तो बोटाच्याच जोराने. ती बोटे तपकिरीच्या पायरीवर न थांबता तळावर जाऊन आदळतात, आणि आवाज पुन्हा भिंतीपलीकडे जातो. डाव्या शिफ्टखाली आणखी हलकी, ३५ ग्रॅमची स्प्रिंग घातली. एवढी हलकी कळ अक्षरांखाली मात्र घालू नये; नुसते बोट टेकवले तरी 'ककककक' अशी रांग लागते. सारी रात्र जागून मी एकदा तेही करून पाहिले आहे.

रंगावर आंधळा विश्वास टाकू नका, हेही सांगायला हवे. लाल सरळ, तपकिरी अडखळती, निळी बोलकी ही वहिवाट चेरीची. पुष्कळ कंपन्या ती पाळतात, सगळ्या नाही. रेझर कंपनीची बोलकी कळ हिरवी आहे. आणि कोणी दुकानदार म्हणाला की या कळफलकाने बोटांचे दुखणे बरे होते, तर मान डोलवून पुढच्या दुकानात जावे. हे कळफलक उंच असतात, मनगट वर मोडते. मी पुढे घडी घातलेला पंचा ठेवते आणि खुर्चीवर एक उशी वाढवली आहे. करंगळी अजून दुखते, पण तीन पानांऐवजी सहाव्या पानाला.

काढलेले निळे स्विच मी टाकले नाहीत. जुन्या बिस्किटांच्या डब्यात ते ठेवले आहेत. सूनबाईची दिवसपाळी असली आणि नातू शाळेत असला की, कधीतरी दुपारी त्यातला एक काढून मी दोन बोटांत दाबते. परवा सूनबाई अर्ध्या दिवसाने घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, मलापण एक द्या बघू."